दुधीला येसर

१४ ऑक्टोबर १९७२
परत दुधी फेकला! एवढी मोठी छावणी, आणि माझी भाजी खाल्ली कुणी? तर लंगरामागच्या शेळ्यांनी. त्यातली एक पहिल्या घासाला थांबली— मी बघितलं.
मेजरसाहेबांनी बोलावलं. "आश्रुबा, महिनाअखेरपर्यंत जवानांनी भाजी खाल्ली नाही, तर तुझ्या गावच्या सोसायटीचा माल बंद. बटाट्यावर भागवू."
छाती फुगवून मीच सांगितलं होतं ना— आमच्या सोसायटीची भाजी घ्या, पुढचं या लांगऱ्यावर, लंगरच्या आचाऱ्यावर सोडा! घे आता. त्या भाजीच्या वाफ्यांवर आई राबते. माल बंद झाला तर दिवाळीनंतर तीही टोळीबरोबर ऊस तोडायला निघणार. साठी उलटलेली बाई!

१६ ऑक्टोबर
लोणी घातलं. लोणी चाटून दुधी ठेवला.

१९ ऑक्टोबर
गरम मसाला जरा जास्तच पडला. एक जवान म्हणतो, "उस्ताद, इससे तो बंदूक साफ हो जाएगी!" सगळे हसले. मीही हसलो, काय करणार!
मग आईचं येसर आठवलं. धान्य, डाळी, धणे, खोबरं भाजून कुटलेलं, लग्नाच्या आमटीत पडतं ते. त्या आमटीबरोबर माणूस पत्रावळीसुद्धा खाईल. तेच दुधीत घातलं तर? आष्टीवरून आलेली भाजीची गाडी गावाकडं परत निघाली होती. गाडीवाल्या सिदूला ओरडून सांगितलं, "आईला म्हणावं येसर कूट. लई लागंल!" एवढंच.

२४ ऑक्टोबर
येसर आलं. डबा नाही— पोतं! दुधीत घातलं, आणि पातेलं पुसून खाल्लं लोकांनी. तो बंदूकवाला दुसऱ्यांदा रांगेत! शेळ्या उपाशी. मी मात्र दिवसभर मिशीला पीळ देत फिरलो.

२६ ऑक्टोबर
शेजारची जानकीमावशी भाजीच्या गाडीवर बसून आली. उतरल्या उतरल्या माझी अलाबला घेतली. "पोरगी कुठली रं? तुजी आई काय बोलंना!"
मी येडा! आमच्याकडं पोतंभर येसर कुटतात ते लग्नघरात. तेहतीस वर्षांच्या बिनलग्नाच्या गड्यानं असा निरोप धाडल्यावर गावानं दुसरं काय समजावं? मावशी सांगत सुटली— समद्या बाया जमल्या, कुणी मिरच्या आणल्या, कुणी खोबऱ्याची वाटी, उखळाला हळद-कुंकू लावलं, गाणी म्हणली. असल्या दुष्काळात घरातलं काढून दिलं! धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.
खरं सांगावं तर येसर बंद. मग भाजी बंद, आणि आईच्या हातात कोयता. मी शूर शिपाई— लाजल्यासारखं केलं आणि आत पळालो.

३१ ऑक्टोबर
साहेबांनी स्वतः ताट मागवलं. गवार होती. सगळी संपवली! "माल चालू ठेव," म्हणाले. आई कुठं जात नाही आता! आनंदानं परात बडवली. मग आठवलं— नवरी कुठून आणायची? परात खाली ठेवली.

४ नोव्हेंबर
रजा घेऊन घरी आलो. आईला चुलीपाशी सगळं सांगितलं. मान खाली.
आई भाकरी थापत राहिली. "मला म्हाईत होतं. निम्मं कुटून झालं तवा सिदू बोलला, तुमच्या लेकाची भाजी शेळ्या खात्यात. म्यां तवाच सांगितलं समद्यांना, लग्न-बिग्न काय न्हाई."
"जानकीमावशीला पण?"
"तिला तर पयलं! तुजी गंमत करायला आलती ती."
"मग बाया थांबल्या कावून?"
"दोन सालात गावात लग्न न्हाई. गाणी तोंडात आलती. म्हणल्या, आता मधीच कसं उठायचं?"

५ नोव्हेंबर
दुसरं पोतं कुटलं. बायांनी मला पाटावर बसवून हळद लावली. नवरी म्हणून मांडीवर दुधी दिला. आई डोळे पुसत हसत होती. तिला असं हसताना कधी बघितलं होतं, आठवेना. मी उठलो नाही.