चाप, म्हैस आणि भाऊजी

३० जुलै, बुधवार
लायसन आलं. वारसा हक्काने रिव्हॉल्व्हर माझ्या नावावर. यापुढे इथे नुसतं रि. लिहिणार. पूर्ण शब्द लिहिला की आपण कुठल्या तरी टोळीत आहोत असं वाटतं. आणि मी तर झेडपीची रिटायर्ड मास्तरीण.

यांनी ते घेतलं होतं बिबट्यासाठी. मळ्यातली वस्ती, चहूकडे ऊस. बिबट्या आला एकदाच. तेव्हा रि. कपाटात, कपाटाची किल्ली यांच्या पँटच्या खिशात आणि पँट बाहेर दोरीवर. दोघं आतून कडी लावून पातेली वाजवत बसलो. यांना जाऊन दोन वर्षं होत आली. ते आठवलं की अजून हसू येतं, आणि मग एकदम येईनासं होतं.

संध्याकाळी भाऊजी आले. यांचे धाकटे भाऊ संपतराव, रिटायर्ड सुभेदार, घर पांदीच्या वाटेपलीकडेच. चहा संपेपर्यंत पावसावर बोलले. मग म्हणाले, "वहिनी, ते माझ्या लायसनवर चढवून घेतो. तुमी कशाला त्या भानगडीत? हत्यार हाय ते, लाटणं न्हाई."

लाटणं मला कधीच नीट जमलं नाही, हे यांच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

३१ जुलै
झोप नीट नाही. रि.चा डबा उघडून बसले. हे दर रविवारी जुन्या बनियनच्या फडक्याने रि. पुसायचे. ते फडकं अजून डब्यात आहे. त्याला यांच्या हाताचा वास येतो असं मला वाटतं. बंदुकीच्या तेलाचाच असेल. देणार नाही.

३ ऑगस्ट, रविवार
भाऊजी पुन्हा. या वेळी मुद्दा घेऊन. सांगलीच्या रायफल क्लबात दसऱ्यानंतर लायसनवाल्यांची स्पर्धा आहे, रिव्हॉल्व्हरची. आपण नाव देणार. हत्यार ज्याला चालवता येतं त्याच्याकडेच असावं, कपाटात ठेवून काय उपयोग.

माझं डोकं तापलं. म्हणाले, मग मीही नाव देते. ज्याचे गुण जास्त त्याच्याकडे रि. मी हरले तर स्वतः कचेरीत येऊन सही करीन.

भाऊजी हसले नाहीत. मान डोलावली, अगदी सलामी स्वीकारल्यासारखी. मागे मंगल उभी होती, माझी जाऊ. तिला मात्र जोराचा खोकला आला.

आता रात्री इथे कबूल करते. आयुष्यात एकदाही चाप ओढलेला नाही.

१० ऑगस्ट, रविवार
सांगलीला पहिला दिवस. शिकवणारे सर शिराळ्याचे. ते नागपंचमीचं गाव, तिथे सगळेच नाग धरत असतील, पण सरांचा आवाज असा की नाग स्वतःहून टोपलीत जाऊन बसेल. पहिला अर्धा तास फक्त एकच, नळी समोर. बोलताना समोर, शिंकताना समोर, कुणी हाक मारली तरी समोर.

समजलं ते असं. रि. 'डबल ॲक्शन' आहे. चाप दाबत आणला की घोडा, म्हणजे मागची हातोडी, आपोआप मागे जातो, गोळ्यांचं चक्र एक घर फिरतं, मग घोडा सुटून पडतो. एकाच दाबात सगळं. म्हणून दाब जड. दुसरी सोपी रीत म्हणजे अंगठ्याने घोडा आधीच मागे ओढून ठेवायचा, मग चापाला नुसतं बोट लागलं की काम झालं. पण स्पर्धेत ती चालत नाही. अंगठा लावला की गोळी बाद. हत्यार अडकलं तरी गोळी बाद. सर म्हणाले, हत्यार नीट राखणं हीपण स्पर्धाच.

माझा चाप निम्म्यातच थांबला. दोन्ही हातांची बोटं लावून ओढला. गोळी गेली. कुठे गेली ते सरांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

भाऊजींनी सवयीने अंगठ्याने घोडा ओढला आणि सगळ्या गोळ्या मधल्या काळ्यात घातल्या. सर म्हणाले, सुभेदारसाहेब, नेम एक नंबर, पण सगळं बाद. भाऊजींना 'बाद' हा शब्द तीस वर्षांत कुणी म्हटला नसावा.

१२ ऑगस्ट
बोट दुखतंय. भाकरी थापता येईना.

मंगल म्हणाली, "आक्का, बोटाला बळ पायजे ना? मग सकाळी या माझ्या गोठ्यात."

म्हणजे म्हैस. भाऊजींच्याच म्हशीची धार काढून मी भाऊजींना हरवणार. मंगलला विचारलं, तू कुणाच्या बाजूची? ती म्हणाली, ते हत्यार तिच्या घरात नको. "हे जेवायला बसतानापण कमरेला लावतील. लग्नात तर इचारूच नका."

१३ ऑगस्ट
म्हशीने लाथ मारली. बादली गेली, मी वाचले.

२४ ऑगस्ट, रविवार
पुन्हा सांगली. चाप आता पूर्ण येतो. फार आनंद झाला. पण सगळ्या गोळ्या खाली. लक्ष्याच्या खालच्या कडेला भोकांची ओळ, गोधडीच्या टाक्यांसारखी.

सर बराच वेळ हाताकडे बघत राहिले. "ताई, तुमी नेम धरताय का धार काढताय?"

 सरांना कुणी सांगितलं? मग कळलं, ते नुसतं म्हणत होते. बोटाबरोबर सगळी मूठ आवळली की नळी खाली जाते. मूठ तशीच राहिली पाहिजे, चापावरचं बोट एकटंच यायला हवं. म्हणजे म्हशीने बळ दिलं आणि सवयही दिली.

परत येताना गाडीत भाऊजी शिट्टी वाजवत होते. त्यांच्या गोळ्या अजून अंगठ्यावर जातात. पण आज निम्म्याच.

२९ ऑगस्ट
घरी सराव. नकली काडतुसं भरून, कोपऱ्यातल्या दगडी भिंतीकडे तोंड करून. सरांनी सांगितल्याप्रमाणे नळीवर रुपयाचं नाणं ठेवायचं, चाप ओढायचा, नाणं पडलं नाही पाहिजे. पडतं. गडगडत पलंगाखाली जातं. मी खाली वाकते, काढते, पुन्हा ठेवते. गौरीच्या सजावटीला आलेल्या शेजारणीने हे दारातून पाहिलं आणि आल्या पावली परत गेली.

धार काढायची पद्धत बदलली आहे. एकेक बोट वेगळं. म्हैस मागे वळून बघते.

१४ सप्टेंबर, रविवार
नाणं राहिलं. सलग काही वेळा राहिलं. किती वेळा ते मोजलं नाही, मोजलं की पडतं.

हे असते तर म्हणाले असते, यंदा खरंच एकदा नेम धरू. दर खंडेनवमीला म्हणायचे. आणि पूजा झाली की पुसून परत डब्यात. एकदाही वाजवलं नाही बिचाऱ्यांनी. मी वाजवते, त्यांच्या वाटचं.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
पूजा नेहमीप्रमाणे आमच्याकडे, थोरलं घर म्हणून. पाटावर कोयते, खुरपी, नांगराचा फाळ, भाऊजींची बारा बोअर बंदूक, ट्रॅक्टरची किल्ली, मधोमध रि. भाऊजींना मधली जागा बोअरला हवी होती. बोअर दोनदा मधे सरकली आणि दोनदा परत गेली.

मंगलने सगळ्यांना हळदकुंकू लावलं, झेंडूच्या पाकळ्या, दुधाचा हात, वर मूठभर लाल अक्षता. बास गं म्हणाले. ती म्हणाली, "देवाच्या कामात हात आखडता घ्यायचा न्हाई, आक्का."

दुपारी रि. पुसलं. नळीतून फुंकर मारून पाहिलं, एक तांदूळ निघाला. कुंकू सगळं निघालं. बहुतेक.

१२ ऑक्टोबर, रविवार. स्पर्धा
आज सविस्तर लिहिते, नाहीतर नंतर स्वतःलाच खरं वाटणार नाही.

पाटण, कराड, जत, कुठून कुठून माणसं. बायका मी धरून दोघी. दुसरी वकील, तिने काळा चष्मा लावला होता, मी वाचायचा. एकच हत्यार दोघांत म्हणून पाळी लागोपाठ. भाऊजी मोठ्या मनाने म्हणाले, आधी वहिनी. चार लोकांनी ऐकलं. त्यांना बरं वाटलं.

मी उभी राहिले. प्रत्येकाला चक्रभर गोळ्यांचे दोन डाव. मूठ तशीच, बोट एकटं. गोळ्या कागदावर गेल्या. एक सोडून. ती शेजारच्या डॉक्टरांच्या लक्ष्यावर गेली, अगदी मधल्या काळ्यात. त्यांनी वाकून आभार मानले. पंचांनी ती त्यांना दिली नाही आणि मलाही नाही. तरी गुण बरे होते. सर मान हलवत होते, वरखाली, आडवी नाही.

मग चक्र बाजूला काढून मागचा दांडा दाबला, रिकामी काडतुसं पडली, आणि रि. भाऊजींकडे दिलं.

भाऊजींची पहिली गोळी नेमकी मधे. अंगठा नाही, काही नाही.  भाऊजींनी क्लबातल्या हत्यारावर चोरून सराव केला होता. दुसऱ्या गोळीला चाप निम्म्यात थांबला. भाऊजींनी जोर लावला. मान लाल झाली, मिशी हलली, चाप हलेना. सर ओरडले, थांबा, नळी समोर.

सरांनी चक्र उघडलं, गोळ्या काढल्या, आत डोकावले. चक्राच्या मागे, काडतुसं बाहेर ढकलणारी चांदणी असते, तिच्याखाली काहीतरी होतं. टाचणी मागितली. मी पदराची पिन काढून दिली. पिनेच्या टोकावर लालभडक तांदळाचा दाणा.

"हे काय, लगीन लावलंय व्हय ह्याचं?" सर म्हणाले.

सगळा क्लब हसला. वकीलबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. भाऊजी ताठ उभे होते, सावधानमध्ये. मी सरांना म्हणाले की त्यांना पुन्हा मारू द्या, चूक घरची आहे. सर म्हणाले नियम म्हणजे नियम, अडकलेल्या डावाच्या उरलेल्या गोळ्या गेल्या. पुढचा डाव भाऊजींनी मारला, चांगलाच मारला, पण भरून निघालं नाही.

मी जिंकले. म्हणजे स्पर्धेत खालून पाचवी आले, पण भाऊजी खालून तिसरे.

पेठ नाक्यावर चहाला थांबलो. भाऊजींनी चहा घेतला नाही. त्यांना इतकी वर्षं ओळखते, चहाला ते यांच्या तेराव्यालाही नाही म्हणाले नव्हते.

१३ ऑक्टोबर
विचार करत होते. पुसताना तो दाणा कुठेतरी मागे राहिला असणार. आणि रिकामी काडतुसं पाडायला मीच दांडा दाबला, तेव्हा चांदणीखाली गेला. म्हणजे माझ्याच हाताने. पुढच्या माणसासाठी.

गोठ्यात मंगलला विचारलं, तू मुद्दाम टाकलंस का गं एवढं? ती म्हणाली, "अक्षता देवाच्या. जातील तिथं जातील." आणि धारेचा आवाज एकदम वाढला.

१७ ऑक्टोबर
गावभर झालं. वहिनीने सुभेदाराला तांदळाने मारला. दुकानात पोह्यांबरोबर मला हे फुकट ऐकवलं गेलं. भाऊजी पारावर बसायचे बंद झालेत. सकाळी पांदीतून गेले, मान खाली. मला हाक मारायची होती, पण मी अंगण झाडत राहिले.

मला वाईट वाटतंय. आणि रि. माझ्याकडे राहिलं याचा आनंदही वाटतोय. दोन्ही एकाच वेळी. कुणाला सांगू? यांना सांगितलं असतं.

१९ ऑक्टोबर
फराळाचं ताट घेऊन गेले. भाऊजींना म्हणाले, ही हारजीत मला मान्य नाही. पुन्हा एकदा सांगलीला जाऊ, हत्यार सरांच्या हातून तपासून घेऊ, मग बघू. भाऊजी चकली मोडत राहिले. मोडली, खाल्ली नाही. म्हणाले बघू.

मंगलने माझ्याकडे असं पाहिलं की चकलीच्या ऐवजी मीच मोडेन.

६ नोव्हेंबर, गुरुवार
निवडणूक लागली. आचारसंहिता. पोलीस पाटील निरोप देऊन गेले, लायसनवाल्यांनी हत्यारं ठाण्यात जमा करायची. म्हणजे आता रि. माझ्याकडेही नाही आणि भाऊजींकडेही नाही. सरकारकडे.

भाऊजींनीच गाडी काढली. मागच्या सीटवर बोअर आणि माझा डबा शेजारी शेजारी. 

ठाण्यात गर्दी. हवालदारांनी डबा उघडला, फडकं बाजूला केलं, रि. उचललं आणि सवयीने भाऊजींकडे पाहून विचारलं, "सुभेदार, हे तुमचंच न्हवं?"

आमच्या घरात असल्या प्रश्नाला भाऊजीच उत्तर देतात. 

"वहिनींचं हाय," भाऊजी म्हणाले. मग थोडं थांबून, "दादांचं. आता वहिनींचं."

मी पावती घेतली, सही केली. अक्षर वाकडं आलं, मास्तरणीचं असून. फडकं मात्र ठेवून घेतलं, त्यांनी विचारलं नाही.

परत येताना भाऊजी नाक्यावर थांबले, चहा घेतला. दोन घेतले. गाडी सुरू करताना म्हणाले, "आचारसंहिता उठली की परत एकदा जाऊ सांगलीला. तुमी म्हणलाय."

मी म्हणाले, जाऊ की.

"पण हत्याराची पूजा मी करणार. मंगलीला कळू द्यायचं न्हाई."

बरं म्हटलं. घरी आले. मंगल पांदीतूनच ओरडून विचारत होती, काय झालं, हत्यार कुणाच्या नावावर लिहिलं. तिला अजून काही सांगितलेलं नाही. आधी धार काढून येते. बोट मोकळं राहिलं पाहिजे.