मोठ्यानं वाचणारा वर्ग

भिवंडी, रविवार

ती. आबा,
तुम्हाला आणि आईला वैशूचा वाकून नमस्कार.

फोन न करता पत्र धाडलं म्हणून घाबरू नका. घसा बसलाय, एवढंच. आईनं हा आवाज ऐकला असता तर संध्याकाळच्या एसटीनं इथं आली असती. तिला सांगा, हळद-दूध घेतेय.

माझ्या चौथीच्या वर्गाची गंमत ऐका. प्रशिक्षणात शिकवलं होतं की मुलांनी मनात वाचावं. इथली मुलं मनात वाचायला बसली की पेंगायची. मग कळलं, यांच्या घरांना लागूनच कापड विणायचे लूम आहेत. दिवसरात्र खडखडाट, त्यामुळे घरात सगळे ओरडूनच बोलतात. मी म्हटलं, मग मोठ्यानं वाचा, ज्यानं त्यानं आपलं पान. वर्गाचा बाजार झाला, पण पोरं वाचायला लागली!

मुख्याध्यापक रागावले. माझी नोकरी अजून कच्ची, म्हणून धाकधूक होती. परवा तपासणीला साहेब आले. त्यांनी माझ्या वर्गातल्या दिपालीच्या हातात तिनं कधी न पाहिलेलं पुस्तक दिलं. तिनं न अडखळता पान वाचलं, पण आवाज पार गेटापर्यंत.

साहेब म्हणाले, "हळू वाच गं, मला ऐकू येतंय."

"पण सर, हळू वाचलं तर मला ऐकू येत न्हाय!"

साहेब हसले आणि तिच्याकडून आणखी एक पान वाचून घेतलं. आबा, तेव्हा तुम्ही वर्गात हवे होतात.

तुमचा गुडघा कसा आहे? भात झोडून झालं का?

काल तर माझा आवाजच फुटेना. फळ्याजवळ नुसती उभी राहिले. दिपाली उठून म्हणाली, "बाई, तुम्ही बसा." आणि सगळ्या वर्गानं मला धडा वाचून दाखवला.

तुमचीच,
वैशू