निळं पेडल

डोंबिवली, शनिवार, १५ जानेवारी १९९४

ऋचाने आज गिटारसाठी दोन कॉम्प्रेसर पेडल आणली, एक निवडून दुसरं परत करायचं म्हणून. त्याने म्हणे हळू छेडलेली तारही स्पष्ट ऐकू येते आणि जोरात छेडलेली अंगावर येत नाही. ऐकायला नातीने कोणाला बसवावं? सुनेच्या आईला. विहीणबाई नौपाड्याहून राहायला आल्यात, कानांनी अर्ध्या बहिऱ्या. आणि कॉन्व्हेंटमध्ये पियानो शिकलेली मी स्वयंपाकघरात मटार सोलत होते.

"आता येतंय ऐकू, आजी?"

"येतंय गं. मघाच्यात नव्हतं."

झालं, निळं ठरलं. अर्ध्या बहिऱ्या बाईच्या शब्दावर.

मला राहवलं नाही. "मला विचारायचंस तरी."

"तू ऐकत नाहीस गं, पेपर तपासतेस. तू समोर बसलीस की माझा हात आखडतो."

पेपर तपासते? जन्मभर शाळेत तेच केलं, मग आणखी काय करू? पण अर्ध्या बहिऱ्या...

निळंच चांगलं, हे मला भिंतीपलीकडून कळलं होतं. आता तसं म्हणायचीही सोय नाही. म्हटलं, तर मी विहीणबाईंची री ओढली असं होईल.