किनाऱ्यावरचं पिल्लू

सिएटल, १८ जुलै १९९९

ती. मंगलाआत्यास,
तेजूचा शि. सा. न. वि. वि.

चिवड्याचं पार्सल पोचलं. रविराज पुन्हा कंपनीच्या कामाला बाहेरगावी गेलाय, त्यामुळे एकटीच संपवतेय. नवऱ्याच्या व्हिसावर आले म्हणून मला इथे नोकरीची परवानगी नाही, ओळखीचं कुणी नाही. कधी कधी दिवसभरात तोंडातून शब्द निघत नाही. म्हणून समुद्रावर चालत जाते.

परवा तिथे सीलचं पिल्लू दिसलं. सील म्हणजे कुत्र्यासारख्या तोंडाचा, मिशांचा, पायांऐवजी वल्ही असलेला प्राणी. आई पिल्लाला काठावर ठेवून मासे धरायला जाते, म्हणून लांब राहा, अशी पाटी होती. तरी एक बाई त्याला टॉवेलात गुंडाळून न्यायला निघाली. माझं इंग्रजी तुला माहीत आहे. पण मी आडवी उभी राहिले आणि म्हणाले, "हात लावू नका. त्याची आई येईल."

संध्याकाळपर्यंत गार वाऱ्यात राखण केली. दुसऱ्या दिवशीही गेले. आई आली नाही. शेवटी पाटीवरच्या नंबराला फोन केला. अनाथ पिल्लं सांभाळणाऱ्या केंद्रातली माणसं आली, त्यांच्याबरोबर मीही गेले.

काळजी करू नकोस म्हटलं तरी करशीलच. बेताने कर.

तुझी तेजू


नाशिक, ६ ऑगस्ट १९९९

चि. तेजूस,
आत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र शेजारच्या रंगूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, चार माणसांत मान वर न करणारी पोरगी तिकडे जाऊन लोकांना अडवते! मला हसू आलं, आणि मग पत्र पुन्हा एकदा वाचलं.

इकडे गोदावरीला पाणी चढलंय. मी बरी आहे. एकटीपुरता स्वयंपाक मात्र अजून जमत नाही. भाजी उरते, ती सकाळी खाते.

पिल्लू खातंय का, ते कळव. आई नसलेलं लेकरू आधी खाणं सोडतं. हे नर्सची नोकरी केली म्हणून सांगत नाही. तुझे आईबाबा गेल्यावर तुला इथे आणलं, तेव्हा पाहिलंय.

चि. रविराजला आशीर्वाद. पत्राला उशीर करू नये.

तुझी आत्या


सिएटल, २ सप्टेंबर १९९९

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी आता केंद्रात टाक्या धुवायला आणि मासे चिरायला जाते. पगार नाही, पण कुणीतरी वाट बघतं.

पिल्लाला नळीने माशांची पातळ पेज देत होते. अख्खा मासा मात्र ते तोंडात धरेना. बरगड्या दिसायला लागल्या होत्या. त्याला कुरवाळायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, असा इथला नियम आहे. माणसाची सवय लागली तर समुद्रात टिकणार नाही. इतके दिवस बोलायला कुणीतरी शोधत होते, आणि मिळालं त्याच्याशी बोलायला बंदी.

डॉक्टरही आशा सोडत होते. मग त्याच्या टाकीत दुसरं अनाथ पिल्लू सोडलं. ते हावरट, टाकला मासा की झडप. आपलं पिल्लू नुसतं बघत राहायचं. काल त्याने दुसऱ्याच्या तोंडातला मासा ओढला आणि गिळला. मी मोरीत जाऊन रडले.

जेवत जा, उरलेलं नको.

तेजू


नाशिक, ४ ऑक्टोबर १९९९

चि. तेजूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून स्वस्थ बसवेना. नर्सिंगच्या होस्टेलवर माझ्या जुन्या मैत्रिणीकडे गेले, तर तिथे सुरगाण्याची चांगुणा नावाची मुलगी भेटली. आईबाप मजुरीला परमुलखात गेलेले. ही जेवत नव्हती, शिक्षण सोडून निघाली होती. तिला जेवायला घरी घेऊन आले. पहिल्या दिवशी भात चिवडत बसली. मी काही न बोलता समोर माझं माझं जेवत राहिले. शेवटी तिनेच विचारलं, नागलीची भाकरी करता येते का? मला नाचणीची भाकरी येत नव्हती. तिने केली. दोघींनी खाल्ली.

आता रोज येते. तिला इथेच ठेवून घ्यावी असं मनात आहे. पण खोली तुझी आहे. नाही म्हणालीस तरी मला वाईट वाटणार नाही.

तुझी आत्या


सिएटल, ७ नोव्हेंबर १९९९

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल पिल्लांना समुद्रात सोडलं. दुसरं सरळ पाण्यात गेलं. आपलं पिल्लू पेटीतच बसून राहिलं. कुणी हाक मारायची नव्हती. मग तेही सरकत सरकत गेलं. दूर पाण्यात एकदा डोकं दिसलं, पण तोंड पलीकडे होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला टाळी वाजवता आली नाही.

घरी आले तर रविराजचा निरोप, मुक्काम वाढलाय. तुझं पत्र चार दिवस टेबलावर पडून होतं. खरं सांगते, आधी राग आला. ती खोली आहे म्हणून इथे दिवस निघतात, असं मला वाटायचं.

चांगुणाला खोली दे. कपाटातले माझे कपडे काढ, नाहीतर तिला पाहुणी असल्यासारखं वाटेल. आणि खिडकीची कडी जरा वर उचलून लावावी लागते, एवढं सांग तिला.

लोभ आता दोघींत वाटशील. माझा वाटा झाकून ठेव.

तुझी तेजू