बाराही वेळा बोटं

डॉक्टर विटकॉम्ब,

'प्रिय' लिहवत नाही. हे पत्र टाकणारही नाही, कारण मंगळवारी औषधाची चौथी सुई तुमच्याकडूनच टोचून घ्यायची आहे.

कॅन्सरवर कोणतं औषध द्यायचं ते पेशंटच्या पसंतीने ठरवू, असं म्हणत तुम्हीच माझ्यापुढे बारा प्रश्न ठेवलेत. दर वेळी दोन औषधं: एकात आयुष्य जास्त पण बोटं बधिर, दुसऱ्यात आयुष्य कमी पण बोटं शाबूत. मी बाराही वेळा बोटं निवडली. डबो गावाजवळच्या लोकरीच्या शेडमध्ये एकतीस वर्षं मेंढ्यांची लोकर चाचपून तिची प्रत ठरवतेय, दुसरं काय निवडणार?

तर तुम्ही म्हणालात, "मिसेस टकवेल, सगळीकडे एकच उत्तर आलं की कॉम्प्युटर धरून चालतो, माणसाने प्रश्न वाचलेच नाहीत. तुमची उत्तरं बाजूला काढलीत. बहुतेकांनी जास्त आयुष्याचं औषध निवडलंय, तेच तुम्हाला देऊ."

वाचले नाहीत? अहो, एकदा मला विचारायचं तरी! माझ्या टेबलावर वेगळी लोकर आली, तर हात घालून बघितल्याशिवाय मी ती बाजूला टाकत नाही. आणि तरी मी त्या औषधाच्या संमतीपत्रावर मुकाट्याने सही केली, याचा संताप वेगळाच.

काल नवऱ्याने मला डोळे मिटायला लावले आणि दोन्ही हातांत एकेक पुंजका ठेवला. "ओळख बघू, म्हातारे."

"दोन्ही मेरिनो मेंढीची लोकर," मी म्हटलं. "एक नंबर."

तो हसला नाही. डाव्या हातात आमच्या कुत्र्याचे केस होते.

तुम्ही बाजूला काढलेली,
मर्ल टकवेल