ऑपरेशनची पाती

बाबा, आई आता माझ्याकडे मिल्टन कीन्सला राहते. कार्डिफचं घर विकलं तेव्हा सामान व्हॅनमधून आलं, पण देवघर आणि तुमची ती चपटी पत्र्याची डबी ती कारमध्ये स्वतःजवळ घेऊन बसली होती. तुम्ही गेल्यावरही तिने एक खंडेनवमी चुकवलेली नाही. पाटावर तुमचा स्टेथोस्कोप, घरातला स्क्रूड्रायव्हर, आता माझा लॅपटॉपही, आणि मधोमध ती डबी, कायम बंद. लहानपणी मी हात पुढे केला की ती म्हणायची, "हात लावू नको, कापेल. बाबांची ऑपरेशनची पाती आहेत." तुम्ही शेजारी हात जोडून उभे असायचात. तिचं बोलणं तुम्ही एकदाही दुरुस्त केलं नाहीत.

ह्या वर्षी तुमची नात मेडिकलला लागली, तीही कार्डिफलाच. आईने ठरवलं की ख्रिसमसला ती घरी आली की डबी तिला द्यायची. म्हणून मला म्हणाली, "या खेपेला उघड ती, आणि प्रत्येकाला नीट हळद-कुंकू लाव." मी उघडली. तेलकट फडक्यात गुंडाळलेली तीन-तीन पात्यांची अणकुचीदार टोकं, आणि प्रत्येकाच्या मागे आटे. ते आटे मी डोळे मिटूनही ओळखले असते. तुम्ही मला तिरंदाजी शिकवलीत तेव्हा माझ्या बाणांच्या टोकांना हेच आटे होते, हेच मी बोटांनी फिरवून बसवायचे. आईच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. तिने डबी अगदी नाकाजवळ धरली आणि म्हणाली, "केवढी नाजूक आहेत गं. किती जणांचे जीव वाचले असतील ह्यांनी." मी प्रत्येक टोकाला आधी हळद लावली, मग कुंकू लावलं.

बाराव्या वाढदिवसाला तुम्ही मला धनुष्य दिलंत. शनिवारी सकाळी आपण तिरंदाजी क्लबच्या ओल्या मैदानावर जायचो, माझे मोजे भिजायचे आणि तुम्ही फ्लास्कमधला चहा मला झाकणातून द्यायचात. एकदा कुंपणापाशी ससा दिसला आणि मी गंमत म्हणून त्याच्यावर नेम धरला. बाण सोडणारही नव्हते. तुम्ही माझ्या हातातून धनुष्य काढून घेतलंत आणि तो सगळा उन्हाळा मला हात लावू दिला नाहीत. परत देताना एवढंच म्हणालात, "बाण कागदावर. जिवावर कधीच नाही." अंडंही न येणाऱ्या घरात वाढलेल्या मुलीला ते ऐकून तुमचा किती अभिमान वाटला होता, ते तुम्हाला कधी कळलं नसेल. हे वाक्य मी माझ्या मुलीलाही जसंच्या तसं ऐकवलं आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते आपल्याच घरात निघालं.

पूजा झाल्यावर मी तुमच्या क्लबातल्या त्या वेल्श मित्राला फोन केला, तुमच्या अंत्यविधीला क्लबचा बिल्ला लावून आला होता तो. त्याला वाटलं, मला सगळं माहीत आहे. धनुष्याने शिकार करायला इथे कायद्याने बंदी, म्हणून तुम्ही दोघं साउथ आफ्रिकेला जायचात, असं तो सहज सांगून गेला. आमच्या घरी त्याला कॉन्फरन्स म्हणायचे. मग तो कौतुकाने सांगत सुटला. टोकं निवडण्यात तुम्ही एक अख्खा हिवाळा घातलात म्हणे. बाकीच्यांना आवडायची ती उडताना मिटलेली आणि लागल्यावर उघडणारी पाती. तुम्ही ती नाकारलीत. उघडण्यातच जोर जातो, तिरकं लागलं तर आत जात नाही, आणि अर्धवट जखमी जनावर झुडपात तडफडत राहतं, असं तुमचं म्हणणं. तुम्ही घेतलीत ती घट्ट बसवलेली, टोकापासूनच धार असलेली. निघण्याआधी प्रत्येक पातं दगडावर घासायचं, मग ताणलेल्या रबरबँडला टेकवून बघायचं. टेकताच रबर तुटलं तर पातं बाणाला लावायचं, दाबावं लागलं तर बाजूला. जनावर जवळ आणि पूर्ण कूस समोर करून उभं नसेल तर तुम्ही दिवसभर बसून रिकाम्या हाताने परत यायचात. "तुझे बाबा आमच्यात सगळ्यात दयाळू," तो म्हणाला. "धार चांगली असली की त्याला कळतच नाही, लव्ह. मान वर करतं, इकडेतिकडे बघतं, पुन्हा चरायला लागतं. मग थोड्या वेळाने आडवं होतं."

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं, आपल्या स्वयंपाकघरात. टोमॅटो चिरताना माझा अंगठा कापला तेव्हा तुम्ही पट्टी बांधत आईवर चिडला होतात, "बोथट सुरी निर्दयी असते. धार चांगली असली की कळतसुद्धा नाही." त्या दिवसापासून दर रविवारी तुम्ही बाह्या सावरून घरातल्या सुऱ्यांना धार लावायला बसायचात. मला वाटायचं, सर्जनचा स्वभाव आहे.

साउथ आफ्रिकेहून तुम्ही माझ्यासाठी लाकडाचं हरीण आणलं होतंत. ते अजून माझ्या टेबलावर आहे. आणि नागपूरला आईचे वडील, तिचे दादा, वारले तेव्हाही तुमची डर्बनची कॉन्फरन्स होती. "पेपर वाचायचाय, कॅन्सल करता येणार नाही," म्हणालात. आई माझा हात धरून एकटी गेली. मामांना, काकूंना, दारात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तिने तुमचा पेपर किती महत्त्वाचा आहे ते सांगितलं. मी तिच्या शेजारीच उभी होते, बाबा. त्या हरणाला कळू नये म्हणून तुम्ही तासन्‌तास दगडावर घासत बसलात. आम्हाला कळू नये म्हणून एक शब्द पुरला.

मी गप्प राहिले असते. पण उद्या नात ती पाती कौतुकाने कॉलेजात घेऊन गेली असती आणि चारचौघांत तिला कोणीतरी हसून सांगितलं असतं. मग तिने आजीला फोन केला असता. म्हणून परवा दुपारी आई टेबलापाशी कोथिंबीर निवडत बसली होती तेव्हा मी समोर बसले आणि प्रस्तावना न करता एका दमात सांगितलं, "आई, ती ऑपरेशनची पाती नाहीत. शिकारीच्या बाणांची आहेत. बाबा साउथ आफ्रिकेला शिकारीसाठी जायचे."

तिने मान वर केली. खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग पुन्हा कोथिंबीर निवडायला लागली. जुडी जवळजवळ संपत आल्यावर म्हणाली, "म्हणजे दादा गेले तेव्हा डर्बनला पेपर नव्हताच?"

"नव्हता."

"बरं."

तिने काड्या गोळा करून फूड वेस्टच्या डब्यात टाकल्या, हात धुतले, पुसले. "जरा आडवी होते गं," म्हणाली. संध्याकाळी मी डोकावले तर भिंतीकडे तोंड करून पडली होती, डोळे उघडे. देवापाशी दिवा तिने लावला नाही, मलाही लाव म्हणाली नाही.

धार चांगली होती, बाबा. तरी कळतं.

हे लिहून कुठे ठेवू तेही मला समजत नाही. डबीत तर नाहीच. फक्त एक राहिलं. आईला सांगायच्या आदल्या दिवशी मी एक रबरबँड ताणून त्याला तुमचं एक पातं टेकवून बघितलं. इतक्या वर्षांनीही नुसतं टेकताच रबर तुटलं. तुमच्यावर इतकी चिडलेली असूनही माझ्या तोंडून निघून गेलं, वा, बाबा.