पहिलं बाळंतपण

प्रिय सिद्धी,

फोनवर तू तब्येत विचारतेस आणि मी बरी आहे म्हणते. बरी नाही गो बाय. नागीण पुन्हा उठलीय. कमरेवरचे फोड सुकतात न सुकतात तोच पाठीवर नवे. आडवं झालं की आग, बसलं की ठणका, म्हणून घरभर नुसती फिरते. एवढं लिहितानाही दोनदा उठले.

डिचोलीचे डॉक्टर म्हणतात, माझ्या ल्युपसमध्ये आपलंच अंग आपल्यावर उठतं. त्याला दाबायला गोळ्या, आणि गोळ्यांनी अंग दबलं की लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू, जो नसांत निजून असतो, तो पुन्हा पुन्हा डोकं काढतो. गोळ्या सोडाव्यात तर मूत्रपिंडं जातील. तुझ्या बाबांना हे पटत नाही. त्यांनी चंद्रावतीकाकीला बोलावून फोडांभोवती कावेची लाल रेघ मारून घेतली, नागिणीचं तोंड-शेपूट जुळू नये म्हणून. आता नागीण बांधली गेली, कुणाला काही होत नाही, असं ते गावभर सांगतात. गार वाटलं म्हणून मीही मुकाट बसले होते.

तुझी खोली त्यांनी रंगवून घेतली, जनेलाला नवा पडदा लावला. पाळणा उन्हात ठेवलाय. पहिलं बाळंतपण माहेरीच, यात आपल्याकडे वाद नसतो. गरोदरपणात तुला फुलं माळली तेव्हा विहीणबाईंना मीच ठसक्यात सांगितलं होतं. आता पाळण्याला चुकून हात लागला तरी हात धुऊन काढते.

तू शाळेत असताना वाड्यावरच्या सगळ्या पोरांना कांजिण्या आल्या, तेव्हा तुला मी वाळपईला तारामावशीकडे नेऊन ठेवलं. तुला एक फोड आला नाही, केवढी मिरवले होते मी. परवा तू म्हणालीस, रक्ताच्या तपासणीत तुझ्या अंगात कांजिण्यांशी लढायची ताकद नाही असं आलं. डॉक्टरांना विचारलं. माझ्या फोडांतून तुला कांजिण्या होऊ शकतात, आणि बाळंतपणाच्या तोंडावर झाल्या तर बाळाच्या जिवावर बेततं.

रविवारी बाबा गाडी घेऊन तुला न्यायला तुयेला येतील. त्यांना सांगून सांगून दमले, आणि फोनवर तुला हे सांगवत नाही, म्हणून हे पत्र तिथल्या कारखान्यात कामाला येणाऱ्या श्रीनाथच्या हाती देते. तुझ्या सासूबाईंशी बोलले, त्या सगळं करायला तयार आहेत. आईने लेकीला दार लावलं असं लोक म्हणतील, म्हणू देत. बाळाला पहिलं न्हाऊ मला घालायचं होतं, त्याने जीव तुटतो. पण गाडीत बसू नकोस, सिद्धी. माहेरी येऊ नकोस.

तरीही वाट बघणारी,
तुझीच आई